रागवायचं मराठीत आणि सॉरी इंग्रजीत, असं का?

मुळामुठा
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. दोन-तीन भाषा येणारी आपली माणसं कुठली गोष्ट कुठल्या भाषेत बोलतात हे कधी नीट बघितलंयत का? दारात बोट चेमटलं की "आई गं", नाहीतर त्याच्या पुढचं, जे इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. पोरावर ओरडायचं मराठीत, "तंगडं मोडून हातात देईन" ची मजा इंग्रजीत येतच नाही. पण चुकलं की सॉरी, ते पण सख्ख्या आईला. प्रेमाचं बोलायचं तर इंग्रजी. डिव्होर्स, प्रेग्नन्सी, पिरियड्स, कॅन्सर, ड्रिंक्स सगळं इंग्रजी. मित्राला "पगार किती" विचारायला जीभ अडखळते पण "पॅकेज काय रे" बिनधास्त विचारतो. आणि भाजीवाल्याशी घासाघीस, देवाला नवस, शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण हे सगळं फिरून मराठीत.

आता लगेच मराठीच्या ऱ्हासावर येऊ नका, तो धागा दर महिन्याला निघतो, तिकडे जाऊन भांडा. माझं म्हणणं असं की ज्या भाषेत लहानपणी ओरडा खाल्ला ती भाषा अंगाला लागते, मागाहून शिकलेली नुसती डोक्याला लागते, आणि आपण हा फरक नकळत पण फार चलाखीने वापरतो. जिथे लाज, भीती, ओशाळलेपण आहे तिथे मुद्दाम न लागणारी भाषा घ्यायची.

हे हवेत बोलत नाहीये. २००३ साली बॉस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या तुर्की लोकांवर प्रयोग केला होता. ह्यांनी इंग्रजी बरंच उशिरा शिकलेलं. बोटांना सेन्सर लावले (भावना हलली की बोटांना बारीक घाम येतो आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, तेच मोजतात) आणि दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले, दाखवले. साधे शब्द, शिव्या, आणि लहान मुलांना दटावतात तसली "लाज नाही वाटत?" छापाची वाक्यं. तुर्कीतल्या दटावणीला लोकांचे हात घामेजले, इंग्रजीतल्या त्याच दटावणीला फारसं काही नाही. मोठी कमावती माणसं, समोर आई नाही, कुणी नाही, नुसता हेडफोन, तरी!

तुमच्या घरात, ऑफिसात काय दिसतं ते लिहा.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

तळकोकणी
शिव्यांबद्दल बोलायचं आणि कोकणातला माणूस नाही असं कसं चालेल. आमच्याकडे शिवी ही शिवी नसतेच हो, स्वल्पविराम असतो. आज्जी नातवाला लाडाने जे म्हणायची ते पुण्यात म्हटलं तर सोसायटीची मीटिंग बसेल. "मेल्या खय होतंस इतके दिस?" हे आमचं हाय-हॅलो, ह्याच्यापुढची 'र' वाली सांगत नाही.

पण मुळामुठा, तुमच्या सिद्धांताला इथे भोक पडतंय बघा. मी लहानपणापासून मालवणी शिव्यांत वाढलो, तुमच्या हिशोबाने त्या मला सगळ्यात जास्त लागल्या पाहिजेत, पण एक पण लागत नाही. उलट मुंबईला कॉलेजात पहिल्यांदा एकाने थंडपणे, आवाज न चढवता, शुद्ध मराठीत "तुमची लायकी कळली" म्हटलं ते अजून आठवतं.

वाचाताई
तळकोकणी, भोक नाही पडत, उलट मुद्दा पक्का होतोय. मी वाचा-उपचार करते (स्पीच थेरपी), त्यामुळे हा विषय रोजचाच. शिवीचा शब्द महत्त्वाचा नसतो, तो शब्द पहिल्यांदा कानावर पडताना आजूबाजूला काय चाललं होतं ते महत्त्वाचं. तुमच्याकडे तो शब्द आला तो लाडात, मांडीवर बसवून. त्याला भीती चिकटलीच नाही.

आणि रोज जो शिव्या देतो त्याला त्यांचा फायदाही कमी मिळतो, गंमत नाही करत. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २००९ मध्ये लोकांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितला, एकदा शिवी देत देत आणि एकदा साधा शब्द म्हणत. शिवी देताना लोक जास्त वेळ तग धरतात असं दिसलं. ह्या शोधाला २०१० चा इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या शोधांना देतात ते गमतीचं बक्षीस) पण मिळाला. मग २०११ च्या प्रयोगात दिसलं की जे दिवसभर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी होतो. आणि २०२० ला त्यांनी दोन नवीन बनावट शिव्या तयार करून बघितल्या, ऐकायला शिवीसारख्याच, लोकांना हसू पण आलं, पण दुखणं काही कमी झालं नाही. म्हणजे नुसता तोंडाने जोरात आवाज काढून भागत नाही, त्या शब्दावर लहानपणापासूनचा "हे बोलायचं नाही" चा शिक्का लागतो.

आता माझ्याकडचं. पक्षाघातात मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की बऱ्याच जणांची वाचा जाते. असे पेशंट समोर बसलेले असतात, पाण्याचा पेला दाखवला तर "पा... पा..." पुढे जात नाही, घामाघूम होतात, डोळ्यात पाणी. आणि मग वैतागून टेबलावर हात आपटतात आणि एक सणसणीत शिवी अशी स्वच्छ बाहेर येते की बायको तोंडाला पदर लावते. तीच गत "शुभं करोति" ची. पहिले दोन शब्द मी म्हटले की पुढचं सगळं सुरात म्हणून दाखवतात आणि संपलं की परत पाणी म्हणता येत नाही. एक, दोन, तीन, चार पण असंच धडाधडा. पॉल ब्रोका ह्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये ज्या प्रसिद्ध पेशंटबद्दल लिहिलं त्याला "टॅन" एवढंच बोलता यायचं, पण चिडला की देवाच्या नावाने शिवी हासडायचा. जुळवून बोलणं आणि तोंडातून निसटणं ह्यांची घरं मेंदूत बरीचशी वेगळी आहेत.

नातेवाईकांना मी पहिल्या दिवशीच सांगते, शिवी आली तर लाजू नका, आवाज शाबूत आहे याचा तो पुरावा आहे.

संत्रानगरी
ताई तुमच्या पोस्टीले दंडवत. आमच्याकडे तं शिवी देल्याबिगर गोष्टच सुरू होत नाई भाऊ, म्हणजे आम्ही समदे बर्फात हात टाकून मरतो म्हना की

हिंजवडीचा_हमाल
मी जरा वेगळं बोलतो. हे सगळं घाम आणि सेन्सर ठीक आहे पण तुम्ही लोक सत्तेचा भाग विसरताय. ऑफिसमध्ये मॅनेजर चिडला की इंग्रजी होतो. का? त्याला इंग्रजीत राग येतो म्हणून? हॅट्. त्याला माहितीये की समोरचा पोरगा लातूरचा आहे आणि इंग्रजीत त्याला उलट उत्तर देता येणार नाही. "ॲज पर माय लास्ट मेल" हे पांढरपेशी लोकांचं कॉलर पकडणं आहे. सिग्नलला पण बघा, हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला सांगितली की आधी मराठीत "साहेब जाऊ द्या ना", नाही जमलं की एकदम इंग्रजी, "यू कांट डू धिस". इथे न लागणारी भाषा वगैरे काही नाही, उंच स्टुलावर चढून बोलायचा प्रकार आहे.

आणि डिव्होर्स, प्रेग्नन्सी वगैरे इंग्रजीत बोलतात ते पण लाज लपवायला नाही, आपण शिकलेले आहोत हे दाखवायला. माझ्या आत्याला इंग्रजीचा गंध नाही पण ती पण "मिसेस आहेत का घरात" विचारते.

मुळामुठा
हमालभाऊ, मॅनेजरचं शंभर टक्के मान्य. पण आत्याचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. आत्या शिकलेपण दाखवायला म्हणत असेल तर मग ती बँक, पोस्ट, पावती सगळीकडे तेवढंच इंग्रजी झाडेल. तसं होतं का? नवराबायको, पाळी, आजार, दारू, पैसा... नेमक्या ह्याच ठिकाणी इंग्रजी जास्त दाट का होतं? आमच्या बिल्डिंगमधली काकू अख्खं भांडण ठसक्यात मराठीत करते आणि तिच्या पाळीबद्दल डॉक्टरला सांगताना आवाज खाली आणि "एम सी". शिकलेपण दाखवायचं असतं तर आवाज वर गेला असता ना.

फ्रँकफुर्टकर
सत्तेची बाजू इथे उलटी अनुभवतो. चौदा-पंधरा वर्षं जर्मनीत, जर्मन चांगलं येतं, पण घरमालकाशी भांडायचं म्हटलं की आदल्या रात्री वाक्यं जुळवून जातो. व्याकरण सांभाळता सांभाळता राग निघून जातो. विभक्ती डेटिव्ह की अक्युझेटिव्ह ह्याचा विचार करत कुणी चिडू शकतं का? बायको म्हणते तू जर्मनमध्ये फार समजूतदार माणूस आहेस, घरी का नाही.

आमचं घरातलं भांडण मुलाला कळू नये म्हणून आधी इंग्रजीत करायचो. त्याला इंग्रजी यायला लागलं तसं मराठीत आणलं. आता त्याला मराठी पण कळतं आणि जर्मन तर आमच्यापेक्षा चांगलं, त्यामुळे भांडणं बंद आहेत, बघू किती दिवस टिकतं.

कोपऱ्यातली_खुर्ची
फ्रँकफुर्टकरांनी जे लिहिलंय त्यावर बरंच काम झालंय. बार्सिलोनाचे आल्बर्ट कोस्ता (२०१८ मध्ये वारले, फार लवकर) आणि शिकागोचे बोअझ केसार वगैरे मंडळींनी २०१४ मध्ये तो ट्रॉलीचा जुना पेच लोकांना वेगवेगळ्या भाषांत घातला. रुळावर पाच माणसं, गाडी सुसाट येतेय, तुम्ही पुलावर, शेजारी एक जाडजूड माणूस. त्याला ढकललं तर गाडी थांबते, पाच वाचतात, तो मरतो. ढकलाल का? स्वतःच्या भाषेत विचारलं तर साधारण २० टक्के हो म्हणाले, शिकलेल्या परक्या भाषेत विचारलं तर ३३ टक्के. तोच पूल, तोच जाडा.

पण खरी गंमत दुसऱ्या पेचात आहे. त्यात ढकलायचं नसतं, फक्त खटका ओढून गाडी दुसऱ्या रुळावर न्यायची, तिकडे एक माणूस आहे. हिशोब तोच, पाचाला एक. इथे भाषेने काही फरक पडला नाही, दोन्हीकडे बहुतेकांनी खटका ओढला. म्हणजे परक्या भाषेत माणूस सरसकट निर्दय होत नाही, जिथे अंगावर काटा यायला हवा नेमका तिथे तो काटा जरा कमी येतो. ह्याच केसार मंडळींनी त्याआधी २०१२ मध्ये दाखवलं होतं की "इतके वाचतील" आणि "इतके मरतील" अशा फिरवून विचारलेल्या एकाच प्रश्नाला आपल्या भाषेत लोक वेगवेगळं उत्तर देतात, परक्या भाषेत हा फरक जवळजवळ जातो.

कारण भावना कमी होते हे, की परक्या भाषेत सावकाश वाचावं लागतं म्हणून डोकं जास्त चालतं, यावर ह्या क्षेत्रातल्या लोकांचं एकमत नाही. मला स्वतःला भावनेचं कारण जास्त पटतं, नाहीतर खटक्याच्या पेचात पण फरक दिसला असता.

हिंजवडीचा_हमाल
मग होम लोनचे सत्तर पानी कागद इंग्रजीत का देतात ते आत्ता कळलं. "हप्ता चुकला तर घर जप्त करून लिलाव करू" हे मराठीत वाचलं तर निम्मे लोक पेन खाली ठेवतील :ड

फोंडेकर
आमचें गोंयचें एक उदाहरण देतो, ते तुमच्या कुठल्याच खणात बसत नाही. घरात बोलणं कोंकणी, रागावणं कोंकणी, बाजार कोंकणी. पण देवळात आरती मराठी, भजन मराठी, कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. माझी आजी मराठीत एक वाक्य कधी कुणाशी बोलली नसेल. पण भजनात तिच्या डोळ्यांना धार लागायची ती मराठी अभंगाला, आणि मध्येच कोणी मूल मस्ती करायला लागलं की तिथल्या तिथे त्याच्यावर खेकसायची ती कोंकणीत. दोन सेकंदात. ओरडा खाल्लेली भाषा म्हणता, तर मराठीत आजीने आयुष्यात ओरडा खाल्ला नाही. मग तिला रडू कसं येत होतं?

(कृपा करून इथे कोंकणी-मराठी वाद काढू नका, १९८७ ला एकदाचा राजभाषेचा कायदा झालाय, आमच्या आधीच्या पिढीने पुरेसं भांडून घेतलंय.)

वाचाताई
फोंडेकर, हे फार सुंदर उदाहरण आहे. मुळामुठांचा "ओरडा" हा शब्द थोडा अरुंद पडतोय असं मला पहिल्यापासून वाटत होतं. ओरडा ही एक गोष्ट, पण लहानपणी आजूबाजूचे सगळे एका सुरात गातायत, उदबत्तीचा वास, टाळांचा आवाज कानात भरलाय, आई हात जोडून उभी, हे पण तितकंच आत जातं. त्या भाषेत बोलता येण्याची गरजच नाही.

मातृभाषा ह्या गोष्टीला आपण उगीच जास्त पवित्र करून ठेवलंय असं माझं मत आहे. हॅरिस बाईंनीच पुढे अमेरिकेतल्या स्पॅनिश घरांतल्या तरुण मुलांवर काम केलं, जी घरात स्पॅनिश आणि बाहेर लहानपणापासून इंग्रजी अशी वाढली. त्यांच्या बोटांच्या घामात दोन भाषांत फरक दिसला नाही. भाषा आईची आहे का हे शरीराला माहीत नसतं. ती किती लवकर आणि कशाच्या संगतीने आली एवढंच ते लक्षात ठेवतं.

नानबा
+१. आमच्या घरी जिवंत प्रयोग चालू आहे. मुलगी इंग्लिश मीडियम, पाळणाघर इंग्लिश, शाळेत टीचर इंग्लिशमध्ये ओरडणार. मी "आता मार खाशील हं" म्हटलं तर खुदुखुदु हसते, तिला ते आजीच्या गोष्टीतलं वाटतं. तेच तिचा बाबा हळू आवाजात "दॅट्स इनफ" म्हणाला की ओठ बाहेर. सासूबाई म्हणतात पोरगी मराठी राहिली नाही, मी म्हणते अहो मराठी आहे, फक्त मराठीला घाबरत नाही.

शशीकाकू_बडोदे
नानबा, अगदी आमच्या घरचं सांगितलंस गं. आमच्या तीन पिढ्या बडोद्यात. घरात मराठी, पण आमची मराठी तुमच्या पुण्याच्या पाहुण्यांना हसू येईल अशी. माझे यजमान रागावले की गुजराती होतात कारण सगळं आयुष्य दुकानात गेलं, राग काढायची जागा तीच होती, घरात त्यांच्या आईपुढे आवाज चढवायची सोयच नव्हती. आता ऐंशीच्या घरात आहेत, हिशोब अजून गुजरातीत पुटपुटतात आणि झोपेत बोलतात ते मराठीत, त्यांच्या आईशी.

बेळगावी_कुंदा
आमच्यात उलटं काकू, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड, मारामाऱ्या गल्लीत झाल्या त्यामुळे शिव्या सगळ्या कन्नड. मराठीत शिवी द्यायची म्हटलं तर आठवावं लागतंय बघा.

खडकवासला_एक्सप्रेस
एवढं शिव्यांवर चाललंय आणि बोरीच्या बारचं नाव कोणी काढलं नाही? सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड अशी दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, वाजत गाजत येतात आणि हातवारे करकरून एकमेकींना शिव्या घालतात. बघायला आजूबाजूच्या गावांतून ही गर्दी. हलगी, ताशे असे कडाडत असतात की शब्द नीट ऐकू पण येत नाहीत, हात आणि तोंडं दिसतात नुसती. आणि ज्या बायका एरवी नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा शोधतात त्याच ह्या. बार झाला की आपापल्या घरी.

माझा प्रश्न वाचाताईंना. तुम्ही म्हणता रोज शिव्या देणाऱ्याला फायदा कमी. मग वर्षातून एकदा, ठरवून, सगळ्यांसमोर देणाऱ्याला जास्त का?

वाचाताई
बर्फाच्या पाण्यावरून एवढी मोठी उडी मी मारणार नाही. तिथे एकटा माणूस आणि बादली आहे, इथे अख्खं गाव, वाद्यं, गर्दी. शिमग्याच्या बोंबा पण ह्याच जातीच्या. पण एक म्हणते, एरवी मनाई आहे म्हणूनच त्या दिवसाची मजा. तळकोकणींच्या गावात असा बार भरवला तर कोणी बघायला येईल का?

तळकोकणी
कोण येतलो? रोज फुकट मिळता ना :ड

रिकामटेकडा
संध्याकाळ झाली, आलो. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दारू चढली की मराठी माणूस इंग्रजी का बोलतो? दोन पेगपर्यंत "अरे भावा", तिसऱ्याला "यू आर लाइक माय ब्रदर, लिसन टू मी".

कोपऱ्यातली_खुर्ची
हसू नका, ह्यावर पण प्रयोग आहे आणि त्याला २०२५ चा शांततेचा इग नोबेल मिळालाय. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टला शिकणारे, नुकतंच डच शिकलेले जर्मन विद्यार्थी घेतले, काहींना थोडी दारू दिली, काहींना पाणी, आणि डचमध्ये गप्पा मारायला लावल्या. ऐकणाऱ्या डच लोकांना कोणी काय प्यायलंय ते माहीत नव्हतं. त्यांनी प्यायलेल्यांच्या उच्चारांना जास्त मार्क दिले. पण स्वतः प्यायलेल्यांनी स्वतःला काही जास्त मार्क दिले नव्हते. बहुतेक चुकायची धास्ती उतरते म्हणून असावं. आणि प्रमाण अगदी थोडं होतं, तुमच्या तिसऱ्या पेगला हे लागू नाही.

पण रिकामटेकडे, तुमचा तिसरा पेगवाला इंग्रजीत काय बोलतो ते बघा. "यू आर लाइक माय ब्रदर". दारू पिऊन सुद्धा हे त्याला मराठीत म्हणवत नाही.

हिंजवडीचा_हमाल
बरं बरं, इथे मुळामुठाला एक मार्क. मॅनेजरचा मार्क माझाच.

नानबा
वाचाताई, एक खरं विचारायचंय, विषयाला धरूनच आहे. सासऱ्यांचे रिपोर्ट चांगले नाहीत. डॉक्टर त्यांच्यासमोर आमच्याशी सगळं इंग्रजीत बोलतात, मॅलिग्नन्सी, स्टेज, पॅलिएटिव्ह. आम्हाला ते बरं पडतं कारण बोलता तरी येतं. सासऱ्यांना इंग्रजी जेमतेम येतं, ते आमच्या तोंडाकडे बघत बसतात. घरी येऊन हेच मराठीत सांगायचं म्हटलं की नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. काय करावं?

वाचाताई
नानबा, मराठीतच सांगा, पण रिपोर्टची भाषा मराठीत करायला जाऊ नका, कर्करोगाची तिसरी अवस्था वगैरे, ते तुमच्या घरात कोणीच बोलत नाही. आधी त्यांनाच विचारा, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का, किती ऐकायचंय?" बरेच म्हातारे लोक स्वतःच सांगतात किती ते, आणि त्यांना बहुतेक वेळा आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. आजाराचं नाव इंग्रजीत राहू दे, त्याने काही बिघडत नाही. पण दुखेल का, घरी राहता येईल का, कोण जवळ असेल, हे त्यांच्या भाषेत. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की बाबांशी थेट मराठीत बोला, बहुतेक डॉक्टर तयार असतात, आपणच कोणी म्हणत नाही. मिस्टरांना नाही जमलं तर तुम्ही बोला. सुनेला कधीकधी सोपं जातं. व्यक्तिगत निरोप करते, सविस्तर बोलू.

नानबा
थँक्यू ताई. रविवारी दीर येतायत, तेव्हा बसतो सगळे.